किलोवर विकण्याआधी लेबल वाचा!

माळेगाव किंवा मुसळगावच्या एखाद्या कारखान्याचं जुनं ऑफिस आवरताना जाडजूड काळा फ्लॉपी ड्राइव्ह निघाला, तर सिन्नरच्या दोस्तांनो, तो भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी लेबल बघा. 'टंडन' लिहिलेलं असेल तर थांबा. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत याच कंपनीचे ड्राइव्ह होते. कंपनी अमेरिकेतली, संस्थापक जुगी टंडन मात्र पंजाबचे. पुढे तिचं काम मुंबईत, अंधेरीच्या सीप्झमध्येही आलं. सिलिकॉन व्हॅलीच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ. सीप्झमध्ये कुणाचे हात राबले, हे विचारायचं मात्र सुचत नाही. ती माणसं आज साठी-सत्तरीत असतील. नात्यात, ओळखीत कुणी असेल तर गाठा की! लिहून घ्या.

ड्राइव्ह दुरुस्त करणंही हौसेचं काम आहे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसायचं, सैल झालेला रबरी पट्टा बदलायचा. चकती मिनिटाला ३०० फेरे फिरायला हवी. मोजायला यंत्र नको. पुलीवरच्या ५० हर्ट्‌झच्या रेघा जुन्या ट्यूबलाइटखाली जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या, की वेग बरोबर. एलईडीखाली हे जमेलच असं नाही, तेव्हा माळ्यावरची जुनी ट्यूबही टाकू नका.