मांडीवरची गोधडी

मागील अंकात गुडघ्यांविषयी लिहिले, तेव्हा ‘बसून करता येईल असे काही सुचवा’ अशी मागणी काही वाचकांनी केली. सुचवण्यापेक्षा यंदाच्या पावसाळ्यात मी स्वतः काय केले तेच सांगते. या चार महिन्यांत माझ्या हातून दोन गोधड्या आणि मशीनवरच्या भरतकामाचे थोडे काम पूर्ण झाले. त्यांतील एका गोधडीच्या बाबतीत माझी चूक झाली. ती सांगण्यासाठीच मुख्यतः हा लेख.

पहिली गोधडी साधी, माझ्या आईच्या पद्धतीची. दोन जुनी सुती लुगडी, मध्ये धोतराचा एक थर, आणि कडेपासून आत आत वळत मध्यापर्यंत जाणारा धावदोरा. पूर्वीच्या गोधडीत चार-पाच थर सहज असत. ती भिजली की पिळायला दोन माणसे लागत. आपल्या वयाला तेवढे वजन पांघरणेही नको आणि धुणेही नको. तीन थर पुरेत.

हाताने टाके घालताना पहिली तक्रार करतो तो अंगठ्याच्या मुळाचा सांधा. बारीक सुई चिमटीत घट्ट धरावी लागते, आणि सगळा ताण तेथे येतो. मी लांब, जाड सुई घेतली, मधल्या बोटात अंगुस्तान घातले आणि वीस मिनिटांनी उठण्याचा नियम केला. (तो पहिल्या आठवड्यात पाळला नाही, मनगटाने त्याची आठवण चार दिवस ठेवली.) दुखणे विश्रांतीनेही ओसरत नसेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी अंगुस्तानाशिवाय सुईला हात लावू नये, कारण टोचलेले कळत नाही. आणि सुया मोजून काढाव्यात, मोजून ठेवाव्यात. घरात अनवाणी चालणारे वृद्ध असतील तर हा नियम मोडू नये.

डोळ्यांचेही तसेच. वय वाढते तशी बाहुली लहान राहते, डोळ्यातील भिंग पिवळसर होते. साठीनंतर पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एकतृतीयांश उरतो, असे सामान्यतः मानले जाते. गडद निळा आणि काळा यांतला भेद प्रथम जातो. मी एक पूर्ण रांग निळ्याऐवजी काळ्या दोऱ्याने घातली आणि ते सूनबाईने दाखवले तेव्हा कळले. दिवा डाव्या बाजूने, कामाच्या जवळ असावा; डावखुऱ्यांनी उजव्या बाजूने घ्यावा.

अशा कामाने बुद्धी तल्लख राहते काय, हा प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी साठ ते नव्वद वयाच्या स्त्री-पुरुषांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, नवे कौशल्य शिकवले : काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नवे शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती केवळ गप्पागोष्टी, सहली करणाऱ्यांपेक्षा सुधारलेली दिसली. मात्र हा लाभ छायाचित्रण शिकणाऱ्यांत अधिक स्पष्ट होता, हे गोधडीप्रेमी सांगत नाहीत. माझा अर्थ एवढाच, की चाळीस वर्षे घातलेला धावदोरा आनंद देईल. मेंदूला काम हवे असेल तर न येणारे काही शिकले पाहिजे. म्हणून मी भरतकामाचे मशीन शिकायला घेतले.

आता दुसरी गोधडी. आमच्या सासूबाई एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. दुपारभर त्यांची बोटे चादरीचे धागे उपसत राहत, कधी स्वतःच्या हाताची कातडी खरवडत. अशा रुग्णांसाठी मांडीवर ठेवण्याची लहान गोधडी करतात. तिच्यावर चाचपायला वेगवेगळी कापडे, नाडी, खिसा, चेन असे काही असते. मी हातभर लांबीची नऊ चौकोनांची केली : मखमल, खादी, दोन काठ, एक वेणीसारखी विणलेली नाडी. प्रथम बटणेही लावली होती. तिसऱ्या दिवशी एक बटण त्यांच्या तोंडात सापडले. त्या दिवशी सगळी बटणे उसवली. आपण करणार असाल तर सुटे होईल, गिळता येईल असे काहीही लावू नका, आणि बोटभोवती आवळेल अशी लांब नाडीही नको.

चूक मात्र वेगळीच होती. मधल्या चौकोनासाठी मी त्यांच्या इरकल लुगड्याचा पदर कापला. आता त्या लुगडे नेसत नाहीत, ओळखीचे कापड हाताला बरे वाटेल, असा विचार केला. विचारले नाही. भाद्रपदात एका सकाळी त्या म्हणाल्या, “माझं इरकल काढ, गौरी यायच्यात.” मी म्हटले, धुवायला टाकले आहे. दुपारी गोधडी मांडीवर असताना त्यांची बोटे मधल्या चौकोनावर थांबली. काठ उलटून पाहिला.

“हे कुणी कापलं?”

“मी, आई.”

“विचारायचं होतंस.”

तासाभरात त्या हे विसरल्या. वृद्धांची सेवा करणाऱ्या आपणा सर्वांना मी हेच विनवते, की आठवण राहणार नाही म्हणून विचारणे सोडू नका. कात्री लावण्यापूर्वी कापड त्यांच्या हाती द्या, नाव सांगा, थांबा. होकार-नकार बहुधा चेहऱ्यावर दिसतो. न दिसला तर दुसरे कापड घ्या.

मशीनच्या भरतकामाचे थोडक्यात. रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात कपडे हरवू नयेत म्हणून मी सासूबाईंच्या पोलक्यांवर मानेमागे त्यांचे नाव भरले. समोरून सुबक, पण मागच्या बाजूच्या गाठी आणि कडक अस्तर यांनी दोन दिवसांत मान लाल झाली. वयस्कर त्वचा पातळ असते. तेव्हापासून नाव वेगळ्या पट्टीवर भरते, पट्टीच्या मागे मलमल लावते आणि ती ओच्याच्या कडेला बाहेरून शिवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खाली तर भरतकामाचे किंवा जाड शिवणीचे कापड कधीही घालू नये. तेथूनच दाबाची जखम सुरू होते. गोधडी पांघरायला द्यावी. अंथरायला सपाट चादरच बरी.

इरकलाचे उरलेले कापड मी पुन्हा कापले नाही. दोन्ही कडा दुमडून हातशिलाई केली आणि, या वेळी, त्यांना विचारले. त्यांनी ते चाचपले, नाकाशी नेले आणि खांद्यावर ओढून घेतले. गौरी जेवल्या त्या दिवशी त्या तेच पांघरून पाटाशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या.