भिंत दोन्हीकडे, मग आवाज जाणार कुठे?

रात्री ओटा आवरून जरा पाठ टेकावी, तर बाहेर ट्रकची घरघर सुरूच! दहावीच्या मुलीचा अभ्यास असो की सासूबाईंची झोप, सगळं त्या आवाजात. नागपूर-हैदराबाद महामार्गाकाठी वडकी, करंजी, पांढरकवड्याकडे राहणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती ओलांडली की साहजिकच मागणी होते, ‘भिंत बांधा.’ याच महामार्गावर पेंचच्या जंगलात वन्यप्राण्यांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंती उभारल्या आहेत. मग आपल्या लेकरांसाठी का नकोत? मागणी रास्तच आहे. पण नुसती भिंत मागून भागत नाही.

नव्या घरात सामान लावण्याआधी बोललं की आवाज कसा घुमतो, आठवतंय? गाद्या, पडदे आले की तो घुमणं थांबतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत, टणक भिंती असल्या की तेच होतं. आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो आणि शेवटी वरून पलीकडे उतरतो. अमेरिकेच्या महामार्ग खात्याचा ठोकताळा असा : दोन भिंतींमधलं अंतर उंचीच्या दहापट किंवा कमी असेल, तर 3 डेसिबल किंवा त्याहून जास्त फायदा वाया जाऊ शकतो. वीसपटीच्या पुढे फरक जाणवत नाही. म्हणजे 4 मीटरच्या भिंती 40 मीटर अंतरावर असल्या, तर सावध व्हायला हवं. आणि 3 डेसिबल थोडे नव्हेत. रस्त्यावरची वाहनं दुप्पट झाली की आवाज तेवढाच वाढतो.

म्हणूनच आधी संगणकावर हिशेब मांडतात : वाहनं किती, त्यात ट्रक किती, वेग काय, घरं किती उंच. पण प्रत्येक भिंत सुटी धरून हिशेब केला, तर हे घुमणं त्यात येतच नाही. कागदावर शांतता, घरात मात्र घरघर!

तेव्हा ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत विषय निघाला, तर चार प्रश्न नक्की विचारा. हिशेब दोन्ही भिंती एकत्र धरून केला का? आतल्या बाजूला आवाज शोषणारं अस्तर आहे का? मध्ये फटी किती? वरच्या मजल्यावरच्या घरांचं काय?

भिंत एकदा उभी राहिली की पुन्हा कोण पाडणार? म्हणून विचारायचं ते आधीच!