पहिला निर्णय कागदावर

कोणतीही नवी वस्तू घडविताना सर्वांत महत्त्वाचा निर्णय सर्वांत आधी आणि पुष्कळदा सर्वांत कमी विचाराने घेतला जातो. कागदावरील रेघ खोडावयास काही खर्च येत नाही. परंतु वस्तू गावोगावी पोहोचल्यावर तीच रेघ खोडणे दुरापास्त होते.

भारतातील हातपंपाचा इतिहास याची साक्ष देतो. १९६० नंतरच्या दशकात कठीण खडकाच्या दुष्काळी प्रदेशांत विंधनविहिरींवर बिडाचे हातपंप बसविण्यात आले. त्यांचा नमुना मूळचा युरोप-अमेरिकेतील शेतघरांचा होता. एका कुटुंबापुरते योजिलेले यंत्र सबंध गावाच्या हाती आले, वारंवार मोडले, आणि बायकांना घागरी घेऊन पुन्हा दूरच्या पाण्याकडे जावे लागले. येथे मुख्य दोष निवडीचा होता. पंप किती माणसे वापरतील, हा प्रश्न आधी विचारला गेला असता तर तो नमुना बादच ठरला असता.

अशा प्रश्नांना शिस्त लावण्याची एक साधी पद्धत स्टुअर्ट प्यू या ब्रिटिश अभियंत्याने १९८१ साली मांडली. कोष्टकाच्या माथ्यावर निरनिराळ्या कल्पना लिहावयाच्या आणि डाव्या बाजूस कसोट्या. एक परिचित नमुना प्रमाण धरून प्रत्येक कल्पना त्या कसोटीस त्याहून सरस, निरस की समान, एवढेच अधिक, उणे वा ‘समान’ अशा खुणेने नोंदवावयाचे. मग उण्याची जागा पाहून दोन कल्पनांचे गुण एकत्र आणता येतात काय, हे तपासावयाचे.

कोष्टकाने प्रतिभा कोंडली जाते, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा नव्हे. कारण कल्पना सुचल्यावाचून कोष्टक भरताच येत नाही. खरा धोका निराळा आहे. खुणांची बेरीज परीक्षेतील गुणांप्रमाणे मानली, तर एक घातक उणे पाच किरकोळ अधिकांखाली लपते. आणि जी कसोटी लिहिलीच नाही, तिचा दोष तर कोठेच दिसत नाही.

सोलापूर येथे घडलेल्या पोलादी पंपाच्या आधारे १९७०-८० च्या दशकात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. त्याच्या दांड्याला बॉल बेअरिंग होते, तर दट्ट्याची सळई साखळीने सरळ रेषेत ओढली जाई. तो भक्कम ठरला. परंतु खालच्या दट्ट्याच्या दुरुस्तीसाठी सगळा नळ वर काढावा लागे, आणि ते काम गावकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढील ‘मार्क तीन’मध्ये नळ रुंद करून दट्ट्या त्यातूनच वर काढण्याची सोय झाली. ‘दुरुस्ती कोण करणार?’ ही ओळ अशा रीतीने मागाहून कोष्टकात आली.

म्हणून कसोट्यांची यादी केवळ अभियंत्यांनी करू नये. वस्तू रोज वापरणारा आणि ती दुरुस्त करणारा, या दोघांनाही त्या कागदापाशी बसविले पाहिजे. शाळेतील विद्यार्थ्यांनीही एखादी प्रतिकृती करण्यापूर्वी असे कोष्टक आखून पाहावे.