‘फार वेळ’ म्हणजे किती वेळ?

संगणकाने दिलेले उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य, अशी आपली समजूत असते. पण काही साधे आकडेही संगणकाला नेमके मांडता येत नाहीत. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश लिहायला बसलो, तर ०.३३३ करता करता कागद संपेल. संगणकाच्या द्विमान पद्धतीत तीच गत एक-दशांशाची होते. कुठेतरी तोडावेच लागते आणि बारीकशी चूक मागे उरते.

ही बारीकशी चूक माणसांच्या जिवावर बेतू शकते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर कोसळले. २८ सैनिक ठार झाले. रक्षणासाठी ठेवलेली पॅट्रियट यंत्रणा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत असे. तोडलेल्या एक-दशांशाची चूक साचत साचत सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली. तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणा आकाशात भलतीकडेच पाहत राहिली.

मला खरी टोचते ती याआधीची गोष्ट. चारच दिवस अगोदर, २१ फेब्रुवारीला, यंत्रणा चालवणाऱ्यांना सूचना गेली होती, की ती फार वेळ सलग चालवल्यास नेम ढळू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास, हे मात्र त्या सूचनेत नव्हते. औषधाच्या बाटलीवर ‘बेताने घ्या’ एवढेच छापले, तर आपण चालवून घेऊ का?

म्हणून माझे म्हणणे असे, की आकडेमोडीच्या पद्धतींची माहिती शोधताना सूत्राआधी त्याची मर्यादा शोधावी. ती लिहिणारे लोक आहेत. ‘लॅपॅक’ हा समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅमसंच १९९२ मध्ये आला. त्याच्या माहितीपुस्तकात उत्तर कितपत चुकू शकते यावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. एवढे कोण वाचणार, असे कोणी म्हणेल. ज्याच्या हिशेबावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याने तरी वाचायलाच हवे.

तुमच्या घरात कोणी इंजिनीअरिंग शिकत असेल, तर आज जेवताना त्याला किंवा तिला एवढेच विचारा: तुझे हे सूत्र कधी चालत नाही, आणि ते कुठे लिहिले आहे?