झाकणे म्हणजे पुसणे नव्हे

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे थोर श्रद्धास्थान आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीच्या यात्रेत दूरदूरचे भाविक येतात. त्यांतील वृद्ध स्त्रियांच्या हातांवर, कपाळावर काळाने हिरवट झालेले गोंदण दिसते. ते समाजाच्या रीतीने, वडीलधाऱ्यांच्या समक्ष उमटलेले असते आणि ते पुसावे असे सहसा कोणाला वाटत नाही. आजच्या तरुणाईचा टॅटू मात्र बहुधा एका दुपारच्या उत्साहात, मित्रमंडळींच्या संगतीत काढला जातो. पुढे मैत्री तुटते, आवड बदलते. हातावरचे नाव मात्र तसेच राहते. घरात विवाहाची बोलणी सुरू झाली की त्या चार अक्षरांची सर्वांना अडचण वाटू लागते आणि 'त्यावर दुसरे चित्र काढून घे, म्हणजे झाले' असा सल्ला मिळतो. हा सल्ला वाटतो तितका सोपा नाही.

त्वचेचा वरचा थर सुमारे महिन्याभरात झडून नवा होतो. टॅटूची शाई त्याच्या खालच्या थरात असते. तेथील भक्षक पेशी शाईचे कण धरून ठेवतात, म्हणूनच गोंदण जन्मभर टिकते. दुसरे चित्र काढताना नवी शाई त्याच थरात जाते आणि जुनीत मिसळते. जुनी शाई नाहीशी होत नाही. त्यामुळे वरचे चित्र मूळ चित्राहून अधिक गडद आणि बरेच मोठे असावे लागते. काळ्या अक्षरांवर पिवळा, गुलाबी वा पांढरा रंग ठरत नाही. मनगटावरचे बोटभर नाव झाकायला तळहाताएवढे पान किंवा पीस काढावे लागते. त्वचा आधीच उंचावलेली वा व्रणयुक्त असेल, तर तो उंचवटा नव्या चित्रातूनही दिसत राहतो. वहीतला चुकलेला आकडा दुसरा आकडा गिरवून दुरुस्त होत नाही, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगायला नको. गिरवलेली जागाच आधी नजरेत भरते.

अर्धवट बदलाचीही गंमत होते. हॉलिवूडचा अभिनेता जॉनी डेप याने दंडावर 'विनोना फॉरेव्हर' असे प्रेयसीचे नाव गोंदवले होते. संबंध तुटल्यावर त्यातील शेवटची अक्षरे काढून टाकली, तेव्हा 'वायनो फॉरेव्हर', म्हणजे 'सदैव मद्यपी' असे शब्द उरले!

अधिक चांगला मार्ग म्हणजे प्रथम त्वचारोगतज्ज्ञांची भेट. मानोऱ्याहून त्यासाठी अकोला, अमरावतीपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी. लेझरच्या किरणांनी शाईच्या कणांचे बारीक तुकडे होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेते. काळी शाई तुलनेने लवकर फिकी होते; हिरवा, निळा व पिवळा रंग चिवट असतो. आपल्याकडील सावळ्या त्वचेवर पांढरे किंवा काळे डाग पडण्याचा धोका असल्याने हे काम अननुभवी हाती देऊ नये. दोन बैठकांत सहसा सहा ते आठ आठवड्यांचे अंतर ठेवतात. पूर्ण पुसण्यास अनेक बैठका लागतात. परंतु दोन-तीन बैठकांत टॅटू फिका झाला, तरी वरचे चित्र लहान व हलक्या रंगाचे काढता येते. त्वचा पूर्ववत होईपर्यंतचा काळ धरल्यास यास पाच-सहा महिने लागतात. लग्नाची तारीख दीड महिन्यावर असताना हे होणे नाही. घाईत तेजाब, चुना वा जाहिरातीतील मलम लावणे म्हणजे टॅटूऐवजी कायमचा व्रण विकत घेणे होय.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर आधी नियम वाचावेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत डाव्या हाताच्या आतील बाजूस वा पंजाच्या पाठीवर धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते. मात्र त्याचा आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा. चालण्याजोगे लहान नाव झाकण्यासाठी मोठा मोर काढला, तर जी अडचण नव्हती ती उभी राहते.

आपल्या घरांत आणखी दोन गोष्टी पाहावयास हव्यात. काही काळ्या शायांत प्राण्यांच्या हाडांचा कोळसा असतो. काहींत प्राणिज ग्लिसरीन वा लाख असते. नंतर लावावयाच्या मलमात लोकरीतून काढलेले लॅनोलिन किंवा मधमाशांचे मेण असू शकते. बाटलीवरील घटक वाचून, प्राणिज पदार्थरहित शाईचाच आग्रह धरावा. सुई नवी असावी, ती आपल्यासमोर उघडली जावी; अन्यथा कावीळ 'ब', 'क' व एचआयव्हीचा संसर्ग संभवतो. याच कारणास्तव आपल्या देशात टॅटू काढल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. वरचे चित्र हाही नवा टॅटूच असल्याने हा काळ पुन्हा नव्याने मोजावा लागतो. महावीर जयंतीच्या शिबिरात नेमाने रक्त देणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे.

राहिला प्रश्न मनाचा. मुलाच्या वा मुलीच्या हातावरील नाव पाहून घरात आकांत झाला, तर ते मूल कोणाला न विचारता जवळच्या स्वस्त दुकानात जाते, आणि बहुतेक नुकसान तेथेच होते. वडीलधाऱ्यांनी रागावण्याआधी विचारावे, आणि डॉक्टरकडे सोबत जावे. ज्यांच्याशी सोयरीक जुळते आहे, त्यांच्यापासूनही ही गोष्ट लपवू नये. पानाफुलांखाली दडवलेले नाव पुढे कळले, तर दुखते ते नाव नव्हे, दडवणे. बोलणी चालू असतानाच सांगून टाकलेली जुनी चूक समजूतदार माणसे समजून घेतात. ज्यांना ती मुळीच समजून घेता येत नाही, त्यांचा स्वभावही लग्नाआधीच कळलेला बरा. आणि जुने नाव झाकताना त्यावर नव्या जोडीदाराचे नाव गोंदवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.