हातासाठी नेक की नेकसाठी हात?

इलेक्ट्रिक गिटारचा नेक, म्हणजे डाव्या हातात धरायचा तो लांब दांडा, मागून बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच गोल असतो. हात मात्र तसा नसतो. अंगठा खर्जाच्या जाड तारांच्या अंगाला टेकतो. बोटे पलीकडून, बारीक तारांच्या बाजूने वळसा घेऊन येतात. म्हणून काही कारागीर खर्जाकडे लाकूड भरीव ठेवतात आणि बारीक तारांकडचा खांदा उतरता तासतात. फरक डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच. पण अंगठ्याला टेकू मिळतो, बोटांचा वळसा आखूड होतो आणि एकाच बोटाने सहाही तारा दाबून धरताना मनगट कमी कुरकुरते.

१९९१ मध्ये म्यूझिक मॅन कंपनीने एडी व्हॅन हेलनसाठी काढलेल्या गिटारचा नेक असाच विषम होता. स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्ग यांनी तर गोलाई सोडून सपाट पैलूच पाडले.

बँकेत एकाच मापाच्या खुर्च्यांवर हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन पटते. तरी सर्वांना ते मानवेल असे नाही. अंगठा पाठीवर मधोमध ठेवणाऱ्याला यातून फारसे हाती लागत नाही. शिवाय जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी करून वाजवली; तिचा नेक विषम असता, तर भरीव बाजू नेमकी त्याच्या बोटांच्या मुळाशी आली असती.

तेव्हा घेणाऱ्याने दुकानात दोन सूर छेडून ठरवू नये. चांगला अर्धा तास वाजवावे, दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी.