पेनावरचा आकडा आणि त्वचेतली सुई

मुरुमांचे खड्डे, वांग, सुरकुत्या यांवर उपाय म्हणून मायक्रोनीडलिंगचे पेन आता ऑनलाइन सहज मिळते. टोकाशी भराभर आत-बाहेर होणाऱ्या बारीक सुया आणि खोली निवडायची चकती. चकती १.५ वर ठेवली की सुई दीड मिलिमीटर आत जाते, असा घेणाऱ्याचा समज असतो. तो चुकीचा आहे.

सुई टोकाबाहेर किती येणार, एवढेच चकती ठरवते. त्वचेत किती शिरणार, हे हातावर असते. पेन तिरके धरले किंवा त्वचा ताणली नाही तर सुई उथळ जाते. दाब वाढला तर ती अपेक्षेपेक्षा खोल जाते. बॅटरी उतरली की सुई बाहेर येण्याआधीच हात पुढे सरकतो आणि ओरखडा उठतो. त्यात चेहरा म्हणजे काही सपाट फळी नव्हे. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, गालाची त्याहून बरीच जाड, आणि कपाळावर लगेच खाली हाड.

हे सगळे साधले तरी मूळ अडचण उरतेच. नवे कोलॅजन तयार होते ते अंतस्त्वचेत. खड्डे भरून यायचे तर सुई तिथपर्यंत न्यावी लागते आणि रक्ताचे बारीक थेंब दिसतात. म्हणजे घरी जी खोली त्यातल्या त्यात निर्धोक, तिचा खड्ड्यांना फारसा उपयोग नाही. जिचा उपयोग आहे, ती घरी करण्याजोगी नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये अशा पहिल्या पेनाला मान्यता दिली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालील वापरासाठी.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला दुखापत झाली की काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. ज्या डागांसाठी पेन आणले, त्यांत भरच. मुरूम पिकलेले असताना किंवा ओठांवर नागीणसदृश पुरळ असताना सुया फिरवल्या तर संसर्ग चेहराभर पसरू शकतो. वर चोळायची सीरम अखंड त्वचेसाठी असतात; छिद्रांतून आत गेली तर गाठी येऊ शकतात.

आणि मायलेकींनी, मैत्रिणींनी एकच सुई वापरणे? हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. स्पिरिटने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. वापरलेल्या सुया तशाच कचऱ्यात टाकल्या तर त्या टोचतात सफाई कामगाराच्या हाताला. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून, वर लिहून, त्या वेगळ्याच द्यायला हव्यात.